कधी लागतो, कधी नाही! जुनी जीप, मोटार आणि ट्रॉलीच्या ब्रेक लाईट-इंडिकेटरचा दोष असा शोधा

ऊसतोडीचा हंगाम म्हटला की रात्रीच्या वेळी आपल्या रस्त्यांवर काय गर्दी असते ते सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, बाजारहून परतणाऱ्या जीपा, त्यातच एखादी जुनी ॲम्बॅसेडर नाहीतर पद्मिनी. रस्त्याला दिवा नाही आणि कडेला पांढरी पट्टीही नाही. अशा वेळी मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला पुढची गाडी थांबते आहे की वळते आहे, हे फक्त मागच्या दोन दिव्यांवरून कळतं.

हे दिवे पूर्ण बंद असले तर एका अर्थाने बरं, कारण मालकाला ते माहीत असतं आणि तो गाडी दुरुस्तीला नेतो. खरा घात करतो तो कधी लागणारा आणि कधी न लागणारा दिवा. सकाळी अंगणात बघितला तर चालू असतो, मिस्त्रीकडे नेला तरी चालूच असतो. रात्री रस्त्यावर मात्र गप्प. मग अंदाजाने बल्ब बदलतात, फ्लॅशर बदलतात, पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

कधी-कधी दिसणारा दोष बहुतेक वेळा बल्बात नसतो, तो जोडात असतो. जोड म्हणजे जिथे तार पत्र्याला, होल्डरला, फ्यूजला किंवा दुसऱ्या तारेला टेकते ती जागा. बल्बची तार एकदा तुटली की तो बल्ब सहसा कायमचा गेला. पण गंजलेला जोड धक्का बसला की सुटतो, पुन्हा धक्का बसला की जुळतो. म्हणून आधी जोड तपासायचे आणि सामान नंतर बदलायचं.

वीज जाते कशी, परत येते कशी

घरातल्या बोर्डाला दोन तारा लागतात. जुन्या गाडीच्या दिव्याला मात्र बऱ्याच ठिकाणी एकच तार दिसते. मग दुसरी वाट कुठली? गाडीची बॉडी. बॅटरीतून वीज निघते, फ्यूजमधून, स्विचमधून जाते, तारेने मागच्या दिव्यापर्यंत पोचते, बल्ब पेटवते आणि दिव्याच्या पत्र्यातून, मडगार्डातून, चेसिसमधून बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेला आपण 'बॉडी अर्थ' किंवा नुसतं 'अर्थ' म्हणतो.

पाण्याच्या पाटासारखंच आहे हे. मोटर चालू आहे, पाईप चांगला आहे, पण चारीचं तोंड बुजलं तर शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. इथे तोंड दोन्हीकडे बुजू शकतं, जाताना आणि येतानाही. आपण जाणारी तार दहा वेळा बघतो. परतीच्या वाटेकडे कोणी बघत नाही आणि जुन्या गाडीत निम्मा घोटाळा तिथेच असतो. मडगार्ड गंजलेलं असतं, डेंटिंग-पेंटिंग करताना स्क्रूच्या खाली रंग गेलेला असतो. रंग वीज नेत नाही, गंजही नेत नाही.

किती फरक पडतो?

ब्रेक लाईटचा आणि इंडिकेटरचा बल्ब साधारण २१ वॅटचा असतो. १२ व्होल्टवर तो पावणेदोन अँपिअर करंट घेतो. जोडात गंजामुळे फक्त एक ओहमचा अडथळा आला तरी बल्बला १२ ऐवजी साडेदहा व्होल्टच मिळतात. व्होल्टेज थोडं कमी झालं तरी उजेड खूप कमी होतो, साडेदहावर सुमारे एक तृतीयांश उजेड गेलेला असतो. म्हणजे दिवा लागतोय असं तुम्हाला वाटतं, पण लांबून येणाऱ्या माणसाला तो तितका ठळक दिसत नाही.

जवळ काय असावं

- टेस्ट लॅम्प: एका होल्डरात २१ वॅटचा बल्ब, दोन हात-दोन हात तार आणि टोकांना क्रोकोडाईल क्लिपा. घरीच करता येतो.
- साधा मल्टीमीटर, असला तर उत्तम.
- दहा-बारा फूट जाड तार, दोन्ही टोकांना क्लिपा लावलेली.
- पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, स्क्रू ड्रायव्हर, पाने.
- थिंबल, दाबायची पक्कड, चांगली इन्सुलेशन टेप, थोडं व्हॅसलीन.
- मोबाईल.

मोबाईल कशाला? एकटा माणूस पेडल दाबून मागचा दिवा बघू शकत नाही. मोबाईल गाडीच्या मागे विटेला टेकवून ठेवा, व्हिडिओ चालू करा आणि आत बसून ब्रेक, डावा, उजवा, टेल लाईट सगळं एकेक करून बघा. कोणतीही तार सोडण्याआधी फोटो काढून ठेवा. नंतर कुठली तार कुठे होती हे विसरायला होतं.

टेस्ट लॅम्पबद्दल एक गोष्ट. नुसत्या मीटरने जोड तपासला तर फसगत होते. दिवा काढून मीटर लावलं तर गंजलेल्या जोडातूनही १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. बल्ब लावला की तेच व्होल्टेज कोसळतं. म्हणून तपासणी नेहमी दिवा चालू असताना, म्हणजे ओझं टाकून करायची. बैलाची ताकद गोठ्यात कळत नाही, जू मानेवर टाकल्यावर कळते.

आधी दोष कधी येतो ते लिहून ठेवा

पाना हातात घेण्याआधी दोन दिवस लक्ष ठेवा. कोणत्या वेळी दिवा जातो यावरून निम्मं काम होतं.

- खड्ड्यात, धक्क्यात जातो: सैल होल्डर, सुटलेला अर्थ, तुटत आलेली तार.
- पाऊस पडल्यावर किंवा गाडी धुतल्यावर जातो: दिव्यात पाणी, गंजलेला होल्डर, उघडा जोड.
- अर्धा-पाऊण तास चालल्यावर जातो: गरम होणारा फ्लॅशर, स्विच किंवा सैल फ्यूज.
- स्टिअरिंग फिरवताना जातो: स्टिअरिंगच्या दांड्याजवळची तार किंवा इंडिकेटरचा स्विच.
- टेल लाईट लावल्यावरच गडबड होते: जवळजवळ नक्की अर्थ.
- एकाच बाजूचा जातो: त्या बाजूचा दिवा, होल्डर, तार.
- दोन्ही बाजूंचा एकदम जातो: फ्यूज, स्विच, फ्लॅशर किंवा पुढून येणारी मुख्य तार.
- इंडिकेटर, ब्रेक लाईट, हॉर्न, वायपर सगळं एकदम जातं: फ्यूज किंवा चावीचा स्विच. बऱ्याच जुन्या गाड्यांत यातल्या तीन-चार गोष्टी एकाच फ्यूजवर असतात.

दिवसा पास, रात्री नापास

या प्रकाराने सगळ्यात जास्त लोक फसतात. समजा एका जीपचा मालक दिवसा ब्रेक दाबून बघतो. डावीकडचा दिवा जरा मंद आहे, पण लागतोय. तो म्हणतो ठीक आहे. रात्री टेल लाईट लावून निघतो. आता ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा वाढण्याऐवजी चक्क विझतो. मागच्याला वाटतं गाडी पुढे निघून गेली किंवा बाजूला वळली. प्रत्यक्षात ती थांबत असते.

असं का होतं? मागच्या दिव्यात बहुतेक एकच बल्ब दोन कामं करतो. त्यात दोन तारा असतात, ५ वॅटची टेलसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. दोघींची परतीची वाट एकच, बल्बची पितळी टोपी. तिचा अर्थ तुटला की वीज चोरवाट शोधते. दिवसा ब्रेक दाबला तर वीज ब्रेकच्या तारेतून आत येते आणि परत जायला वाट नाही म्हणून टेलच्या तारेतून बाहेर पडून दुसऱ्या दिव्यांकडे जाते. त्यामुळे दिवा मिणमिणतो. रात्री मात्र टेलच्या तारेतही वीज असते. दोन्हीकडून सारखाच दाब आला, म्हणजे वीज कुठेच वाहत नाही. दिवा बंद.

याची खूण सोपी आहे. दिवसा टेल लाईट बंद ठेवून ब्रेक दाबा. डॅशबोर्डचा दिवा किंवा पुढचा पार्किंगचा दिवा किंचित उजळला, तर अर्थ गेला असं समजा. इंडिकेटर लावल्यावर टेल लाईट लुकलुकत असेल तरी तेच.

खात्री करायला मोठ्या तारेचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या बाजूला लावा आणि दुसरं टोक दोष असलेल्या दिव्याच्या पत्र्याला टेकवा. दिवा लगेच लख्ख झाला तर दोष सापडला. मीटर असेल तर दिवा चालू ठेवून बॅटरीची अर्थची बाजू आणि दिव्याचा पत्रा यांच्यात मोजा. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर छान. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर साफसफाई करावीच लागेल.

इलाज असा. दिव्याचे स्क्रू काढा, स्क्रू बसतो ती जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत पॉलिश पेपरने घासा, थिंबल नवी लावा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन चोपडा. मडगार्डच गंजून गेलं असेल तर त्याचा भरवसा सोडा आणि दिव्यापासून चेसिसपर्यंत वेगळी अर्थची तार ओढा. बॅटरीची बॉडीला जोडलेली जाड तार आणि इंजिनपासून चेसिसला आलेली पट्टी यांनाही त्याच वेळी हात घाला.

होल्डर आणि बल्ब

बल्ब काढून त्याच्या तळाशी बघा. शिशाचे ठिपके झिजून चपटे झाले असतील तर स्प्रिंग त्याला नीट टेकत नाही. होल्डरातली स्प्रिंग गंजून बसली असेल तर ती वर येत नाही. दोन्ही जागा पॉलिश पेपरने हलकेच घासा. बल्ब बसवल्यावर बोटाने हलवून बघा. हलवला की दिवा जातो-येतो, तर होल्डरच बदला. तो फार महाग नसतो.

दोन तारांच्या बल्बच्या टोपीवरचे दोन खिळे एका उंचीवर नसतात, मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. काही लोक जोर लावून उलटा बसवतात. मग टेल लाईट ब्रेकसारखी भगभगीत आणि ब्रेक दाबल्यावर मिणमिण असा उलटा कारभार होतो. तसंच दोन तारांच्या होल्डरात एका तारेचा बल्ब कधीच घालू नका. त्याचा तळ दोन्ही ठिपक्यांना जोडतो आणि ब्रेक दाबला की भलतेच दिवे लागतात.

फ्यूज

जुन्या पद्मिनीत दोन्ही टोकांना निमुळता असा चिनी मातीचा फ्यूज असतो. बऱ्याच जीपा आणि ॲम्बॅसेडरला काचेचा फ्यूज असतो. फ्यूज जळलेला नसला तरी त्याची टोकं आणि क्लिप काळी पडतात आणि सैल होतात. फ्यूज काढा, टोकं पुसा, क्लिप पक्कडीने थोडी दाबा, फ्यूज परत घालून जागेवर गोल फिरवा. पुष्कळ वेळा एवढ्यानेच काम होतं.

फ्यूज वारंवार जळत असेल तर कुठेतरी तार पत्र्याला घासते आहे. तिथे चंदेरी कागद किंवा तारेचा वेटोळा लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. फ्यूज जळतो म्हणून वायरिंग वाचतं. तो जळाला नाही तर वायरिंग जळतं.

इंडिकेटरचा फ्लॅशर

डॅशबोर्डखाली टिकटिक करणारी छोटी डबी म्हणजे फ्लॅशर. नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकला पाहिजे. मोबाईलच्या घड्याळावर १५ सेकंद मोजा. १५ ते ३० वेळा लागला तर ठीक.

जुन्या फ्लॅशरच्या आत धातूची पट्टी असते. ती करंटने गरम होऊन वाकते आणि गार होऊन सरळ होते. म्हणजे तिचा वेग बल्ब किती करंट ओढतात यावर ठरतो. म्हणून एका बाजूला बरोबर चालतो आणि दुसऱ्या बाजूला भराभर, फार मंद किंवा लागून तसाच राहतो, अशी गोष्ट असेल तर फ्लॅशरला दोष देऊ नका. दोन्ही बाजूंना तोच एक फ्लॅशर आहे. ज्या बाजूला बिघाड आहे तिथला बल्ब, होल्डर, अर्थ तपासा. दोन्ही बाजूंना सारखीच गडबड असेल तेव्हा फ्लॅशरकडे वळा.

डायनॅमोच्या जुन्या गाडीत इंजिन मंद चालताना इंडिकेटर सुस्तावतो आणि रेस दिली की सुधारतो. तो फ्लॅशरचा दोष नाही. मंद इंजिनवर डायनॅमो चार्जिंग करत नाही, एवढंच. पण बॅटरी कमजोर असेल तर ते जास्त जाणवतं. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत.

फ्लॅशर नवा आणताना त्यावरचा वॅटचा आकडा आणि पिना जुन्याशी जुळवून घ्या. काही फार जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीची प्लसची बाजू बॉडीला जोडलेली असते. तिथे साधा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर चालत नाही. बॅटरीकडे एकदा बघूनच दुकानात जा.

हात सोडला तरी चालू, पाय दाबला तरी बंद: स्विचचं बघा

ब्रेक लाईटचा स्विच दोन तऱ्हेचा असतो. एक पेडलजवळ, पेडल हललं की चालू होणारा. दुसरा जुन्या जीपांत आणि मोटारींत ब्रेकच्या तेलाच्या वाटेवर बसवलेला, तेलाचा दाब वाढला की चालू होणारा.

स्विचच्या दोन तारा काढून एकमेकींना जोडा. दिवे लागले तर वायरिंग चांगलं आहे आणि स्विच गेला आहे. नाही लागले तर दोष दुसरीकडे आहे. दहा सेकंदांची तपासणी, पैसा खर्च नाही.

तेलाच्या दाबाचा स्विच म्हातारा झाला की हलक्या ब्रेकला लागत नाही, जोरात पाय दिल्यावरच दिवा येतो. मालक म्हणतो, "लागतो की!" पण आपण उतारावर पायाने हलकेच वेग कमी करत असतो, तेव्हा मागच्याला काहीच कळत नाही. म्हणून तपासताना ब्रेक हळूच दाबून बघा. पाव पेडलवर दिवा लागला पाहिजे.

हा स्विच ओला दिसला, त्यातून तेल झिरपत असेल, तर गोष्ट दिव्याची राहिली नाही, ब्रेकची झाली. गाडी उभी करा. तो बदलताना तेल सांडतं आणि पाईपात हवा शिरते. ती काढल्याशिवाय ब्रेक लागत नाही. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

पेडलजवळचा स्विच सैल झाला असेल तर पट्टी वाकवून किंवा नट फिरवून जागेवर आणता येतो. ट्रॅक्टरला दोन ब्रेक पेडलं असतात. स्विच कोणत्या पेडलला जोडला आहे ते बघा आणि रस्त्यावर दोन्ही पेडलं कडीने जोडलेलीच ठेवा. हे दिव्यासाठीही बरं आणि ट्रॅक्टर एका बाजूला ओढला जाऊ नये म्हणूनही.

इंडिकेटरच्या स्विचच्या आत पितळी पट्ट्या असतात. त्या काळ्या पडतात. दांडी किंचित वरखाली दाबून धरली की दिवा येतो, अशी खूण असेल तर स्विच उघडून साफ करावा लागेल. ज्या गाडीला चारही दिवे एकदम लावायचं हॅझार्डचं बटण आहे, तिथे इंडिकेटरची वीज बऱ्याचदा त्या बटणातून जाते. ते बटण वर्षानुवर्षं वापरलेलं नसतं. दहा-वीस वेळा दाबून बघा. कधी कधी एवढ्यानेच इंडिकेटर जागा होतो.

अमेरिकी बनावटीच्या काही जुन्या गाड्यांत मागचा एकच लाल दिवा ब्रेकचं आणि इंडिकेटरचंही काम करतो. तिथे ब्रेकची वीज इंडिकेटरच्या स्विचमधून जाते. अशा गाडीचा ब्रेक लाईट गेला तर स्टिअरिंगखालचा स्विचही तपासा.

तार तुटलेली दिसत नाही

बाहेरून आवरण चांगलं, आतून तांबं हिरवं पडून तुटलेलं, असं पुष्कळदा असतं. दिवा चालू ठेवून वायरिंग हाताने पुढून मागे हलवत जा. जिथे हलवलं की दिवा लुकलुकतो, तिथे थांबा. पत्र्याच्या भोकातून तार जाते ती जागा, चेसिसच्या कडेची क्लिप, स्टिअरिंगचा दांडा आणि मागच्या फाळक्याची बिजागरी ही नेहमीची ठिकाणं. गाडी शेडमध्ये, कडब्याशेजारी उभी असेल तर उंदरांचाही विचार करा.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड पहिल्या पावसात सुटतो. तार सोलून थिंबल किंवा जोडणी पक्कडीने दाबा, नाहीतर डाग द्या, मग टेप. दिव्यासाठी १ ते १.५ स्क्वेअर एमएमची तार पुरे. जोडकाम करण्याआधी बॅटरीची बॉडीला जाणारी तार सोडायला विसरू नका.

ट्रॉलीवाल्यांसाठी

जीपपेक्षा मोठा प्रश्न ट्रॉलीचा आहे. ट्रॅक्टरचे मागचे दिवे उसाच्या भाऱ्याआड झाकले जातात. मागच्याला दिसतात ते फक्त शेवटच्या ट्रॉलीचे दिवे.

ट्रॉलीत अर्थची वेगळी तार पुष्कळ जण ओढतच नाहीत. हूक आणि पिनेतून अर्थ मिळतो असं धरून चालतात. पण तिथे ग्रीस असतं, माती असते आणि ट्रॉली चालताना पिन सारखी नाचत असते. म्हणूनच ट्रॉलीचा दिवा धक्क्यागणिक लुकलुकतो. ट्रॅक्टरच्या चेसिसपासून ट्रॉलीच्या चेसिसपर्यंत २.५ स्क्वेअर एमएमची वेगळी अर्थची तार प्लगमधूनच न्या. दुसरी ट्रॉली असेल तर तीच तार पुढे तिच्यापर्यंत न्या. एवढ्या एका तारेने बहुतेक तक्रारी संपतात.

सात पिनांच्या प्लगची ठरलेली मांडणी अशी: १ डावा इंडिकेटर, ३ अर्थ, ४ उजवा इंडिकेटर, ५ उजवी टेल, ६ ब्रेक, ७ डावी टेल. पण आपल्याकडे गावोगाव वेगवेगळ्या हातांनी वायरिंग केलेलं असतं. दुसऱ्याची ट्रॉली जोडली की डावं-उजवं उलट होतं ते यामुळेच. टेस्ट लॅम्पने एकेक पिन तपासून घ्या आणि सगळ्या ट्रॉल्या एकाच मांडणीच्या करून घ्या. पिनेला मधोमध चीर असेल तर ती स्क्रू ड्रायव्हरने किंचित रुंद करा, म्हणजे घट्ट बसते. प्लग लोंबकळत ठेवू नका, चिखलात पडला की महिन्यात गंजतो.

ओझ्याचाही हिशोब आहे. जुना फ्लॅशर दोन बल्बांसाठी, म्हणजे ४२ वॅटसाठी असतो. ट्रॅक्टरचे पुढचा-मागचा आणि दोन ट्रॉल्यांचे मिळून एका बाजूला चार बल्ब झाले, म्हणजे ८४ वॅट, सात अँपिअर. जुना फ्लॅशर भराभर चालतो, तापतो आणि जळतो. जास्त वॅटचा फ्लॅशर लावा.

एलईडी लावला की प्रश्न मिटतो का?

एलईडी करंट कमी घेतो आणि धक्क्याने सहसा तुटत नाही, हे खरं. पण धातूच्या पट्टीचा फ्लॅशर त्या कमी करंटने गरमच होत नाही, त्यामुळे इंडिकेटर लुकलुकत नाही. एलईडीसाठीचा फ्लॅशर वेगळा घ्यावा लागतो. आणि गंजलेला अर्थ तसाच ठेवून एलईडी लावला तर चोरवाटेच्या थोड्याशा विजेनेही तो अर्धवट लागलेला दिसतो, दोष आणखी लपतो. आधी जोड साफ, मग एलईडी.

खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली असेल तर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्या तपासणीत दिवे बघतात. आदल्या रात्री धावपळ करण्यापेक्षा वरचं काम एका दुपारी उरकून ठेवलेलं बरं.

पण तपासणीसाठी दिवा चालू असणं आणि रस्त्यावर चालू असणं यात फरक आहे. म्हणून आपल्या गाडीची परीक्षा आपणच, तीही खरी घ्यायची. अंधार पडल्यावर, इंजिन चालू ठेवून, टेल लाईट लावून, ट्रॉली जोडून, हलका ब्रेक आणि मग डावा-उजवा इंडिकेटर. शक्य असेल तर कोणाला तरी ट्रॉलीचा फाळका हलवायला सांगा. या सगळ्यात दिवा टिकला तरच तो चालू आहे असं म्हणायचं.

वाटेत दिवा गेलाच तर दिवसा हाताने खूण करून जवळचं गॅरेज गाठता येतं. रात्री तसं करू नका. गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या आणि फ्यूज व अर्थ बघा. नाहीच जमलं तर उजाडेपर्यंत थांबा. ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि चमकणाऱ्या पट्ट्या असाव्यातच, त्यांना ना बॅटरी लागते ना अर्थ. पण चिखलाने भरलेली पट्टी चमकत नाही. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात एक ओलं फडकं मारून घ्या. मागून येणारा बहुतेक वेळा आपल्याच गावचा, शेजारच्याच वाडीचा असतो.